खुणेच्या वर

भाच्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोटोत डिपस्टिकचं, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या काडीचं टोक, त्याखाली धरलेला टिश्यू पेपर, मागे सोसायटीच्या पार्किंगमधला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा खांब. खाली मजकूर: ‘मावशी, बघ! सर्व्हिसिंगपासून एक थेंब कमी झालेला नाही. उलट वाढलंय.’ पुढे अंगठा. त्यानं सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली तेव्हा मीच त्याच्या मागे लागले होते, की बाबा, सगळंच सर्व्हिस सेंटरवर सोडू नकोस, अधूनमधून बॉनेट उघडून स्वतः ऑइल बघत जा. तो बघत होता, आणि बघून मावशीला कळवतही होता. हल्लीच्या दिवसांत हे थोडं नाही. मी हात पुसले आणि फोटो बोटांनी ताणून मोठा केला. काळं ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर गेलं होतं.

मला टोचला तो त्याचा आनंद. त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. आपण सगळी कमतरतेला भिऊन वाढलेली माणसं. टाकीतलं पाणी, डब्यातली साखर, खात्यातली शिल्लक, सगळीकडे आपला डोळा खालच्या रेघेवर. वरची रेघ ओलांडली गेली तर बरंच वाटतं. गाडीच्या बाबतीतही जो तो हेच शिकवतो, की ऑइल कमी पडू देऊ नका, इंजिन बसेल. जास्त झालं तर काय, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण आपण होऊन घातल्याशिवाय ते जास्त होईलच कसं?

इंजिनात ऑइल पिकत नाही. मग चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, जे वाढलं होतं ते काय होतं?

हा प्रश्न मला माझ्या शिक्षणामुळे पडला असं म्हणायला हरकत नाही, मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. पण ऑइलच्या बाबतीत माझी खरी शाळा चिपळूणचा एसटी डेपो. आप्पा तिथे मेकॅनिक होते. त्यांची रात्रपाळी असली की मी आणि भाऊ संध्याकाळी डबा द्यायला जायचो. कुंभार्ली घाट उतरून कराडकडच्या गाड्या आलेल्या असायच्या. ब्रेक लायनिंगचा करपट वास, डिझेलचा वास, पावसाळ्यात त्यात ओल्या रेक्झिनची भर. आप्पा विजेरी घेऊन एकेका गाडीचं ऑइल-पाणी बघायचे. बसची डिपस्टिक लांबलचक, वरच्या टोकाला कडी. ती बाहेर ओढायची, वेस्टनं, म्हणजे टाकाऊ सुताच्या गुंत्यानं पुसायची, वेस्ट हाताशी नसलं तर खाकी पँटच्या मांडीवर, पुन्हा तळापर्यंत खुपसायची आणि काढून विजेरीच्या उजेडात आडवी धरायची. मांडीवरचे ते डाग आई रॉकेलमध्ये भिजवून घासायची आणि घासताना आप्पांचा उद्धार करायची.

त्यांच्या वहीत गाडीच्या नंबरापुढे किती ऑइल घातलं ते टिपलेलं असायचं. म्हाताऱ्या गाड्या जास्त खायच्या. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढून जळणारच, धूर निळसर दिसणारच. त्याची आप्पांना फारशी फिकीर नसे. खाते तेवढं घाला आणि इंजिन कामाला कधी उतरवायचं ते ठरवा, एवढा तो साधा मामला. त्यांची भुवई चढायची ती ज्या गाडीपुढचा रकाना बरेच दिवस रिकामा राहिला तिच्यासाठी. ‘एवढं घाट चढतेय-उतरतेय आणि ऑइल अजिबात खात नाही? खात नाही म्हणजे काहीतरी पितेय.’ मग ते काडीचं टोक नाकाशी न्यायचे. वासानं भागलं नाही तर टिपकागद. आम्ही तेव्हा शाईच्या पेनानं लिहायचो, त्यामुळे दप्तरात टिपकागद असायचाच, आणि त्याचा एक तुकडा हमखास आप्पांच्या खिशात गेलेला असायचा. गरम ऑइलचा एकच थेंब त्यावर सोडायचा आणि कागद मधोमध अधांतरी राहील असा ठेवून द्यायचा. काही वेळानं त्यावर वर्तुळं उमटायची. मधे काजळीचा गडद ठिपका, भोवती करडा पट्टा, आणि ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं असेल तर सगळ्यांत बाहेर एक फिकट, तुकतुकीत कडं, उजेडापुढे धरलं की आरपार दिसणारं. पुढे हीच चाचणी मला ‘ब्लॉटर टेस्ट’ या नावानं इंग्रजी पुस्तकात भेटली तेव्हा घरचं माणूस परगावी भेटल्यासारखं झालं.

नंतर आप्पांनी एक जुनी फियाट घेतली. आमचं घर टेकडीच्या पोटाशी, जांभ्याच्या पायऱ्या चढून जायचं. गाडी उभी राहायची ती उतारावर. उतारावर चेंबरमधलं ऑइल एका अंगाला सरकतं आणि काडी भलतंच सांगते. आप्पांनी गवंड्याकडून पाण्याची लेव्हलनळी मागून आणली, अंगणात चार चाकांच्या चार जागा बेतल्या आणि तिथे चुन्याच्या फुल्या मारल्या. रविवारी सकाळी फियाट त्या फुल्यांवर उभी. इंजिन थोडं तापवून बंद करायचं, वर गेलेलं ऑइल खाली निथळायला पाचेक मिनिटं द्यायची. तेवढ्यात त्यांचा चहा व्हायचा. मग काडी पुसून आत, पुन्हा बाहेर. काडीच्या दोन अंगांना दोन वेगळ्या उंच्या दिसल्या तर कमी असेल ती खरी धरायची, कारण दुसरी बहुतेक वेळा काडी नळीला घासून लागलेली असते. दोन खुणांच्या मधे बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभर ऑइल मावतं, लहान इंजिनांत त्याहून कमी. आप्पांना ऑइल मधल्या जागेच्या जरा वर असलेलं आवडायचं, पार वरच्या खुणेला टेकलेलं नाही. पेट्रोल पंपावर ‘साहेब, ऑइल कमी दिसतंय’ म्हणत डबा पुढे करणारा पोऱ्या भेटला की ते त्याला काडी पुसून पुन्हा तळापर्यंत खुपसायला लावत. अर्धवट खुपसलेली काडी नेहमी कमीच दाखवते, आणि काही पंपांवर तेवढ्यावर डबे खपतात. आई म्हणायची, या माणसानं गॅसवरच्या दुधाकडे कधी एवढ्या बारकाईनं बघितलं असतं तर घरात खवा झाला नसता.

एवढी काळजी कशासाठी, हे मला कळलं ते बेअरिंगचा, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या भागाचा, धडा शिकवायला लागल्यावर. १८८३ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून ऑइल सोडायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर ऑइल आत जाण्याऐवजी त्यातूनच वर येऊन सांडायला लागलं. बूच मारलं, ते निघून आलं. लाकडी गुटका ठोकला, तोही सरकत सरकत बाहेर. शेवटी तिथे प्रेशर गेज लावलं, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्मा. फिरणारा आस निमुळत्या फटीत ऑइल ओढून घेतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर तो चक्क तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबॉर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं आणि तेव्हापासून ते पोरांच्या परीक्षेला आलं. गाडीचा क्रँकशाफ्टही, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडाही, असाच तरंगतो. धातू धातूला टेकत नाही, मधे काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा पापुद्रा असतो, आणि तो टिकणार की फाटणार हे इतर गोष्टींबरोबर ऑइलच्या घट्टपणावर ठरतं. डिझेल मिसळलं की ऑइल पातळ, पापुद्रा विरळ. म्हणजे चेंबरमध्ये माल भरपूर आहे, खुणेच्या वर आहे, आणि तरी बेअरिंग उपाशी. काडीवर उंची कळते. उंची कशाची, ते कळत नाही. त्याहून कावेबाज प्रकार म्हणजे एखादं इंजिन जेवढं ऑइल जाळतंय तेवढंच डिझेल खाली झिरपू देत असेल, तर काडी महिनोन्‌महिने अगदी बरोबर लेव्हल दाखवत राहील. आप्पांच्या वहीतला रिकामा रकाना तो हाच.

इंधन आणि ऑइल यांचं हे वाकडं जुनंच आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पेटीतूनच, सिलिंडरकडे जायचं. साधं खनिज तेल त्या पेट्रोलनं धुऊन नेलं असतं, म्हणून तिथे एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. वैमानिक त्याचा धूर आणि तुषार नाकातोंडात घेत उडायचे, आणि एरंडेलाचा जो व्हायचा तो परिणाम व्हायचाच. हे वर्गात सांगितलं की शेवटचा बाकसुद्धा जागा होतो.

भाच्याच्या गाडीत मात्र एक डबा आहे जो आप्पांनी कधी पाहिला नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ हे गाड्यांच्या धुरावरचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायची तर फिल्टर सहाशेएक अंशांपर्यंत तापायला हवा. हायवेवर सलग पळणाऱ्या गाडीत हे बिनबोभाट उरकतं. शहरातल्या रांगण्यात एक्झॉस्ट तेवढा तापत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर पिस्टन खाली गेल्यावर उशिरानं सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल फवारतो. हेतू हा, की ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळावं आणि फिल्टर तापवावा. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल असतं तर ऑइल नीट तापल्यावर त्यातलं बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल जड, ऑइलच्या शंभरेक अंशांना ते ढिम्म हलत नाही. आता भाच्याचा रस्ता बाणेर ते हिंजवडी. फिल्टरमधली काजळी जळायला लागते न लागते तोच ऑफिसचं गेट येतं आणि इंजिन बंद. संध्याकाळी तेच काम पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा जादा डिझेल, पुन्हा सोसायटीचं गेट. मझदाच्या काही डिझेल गाड्यांच्या काडीवर तर वरच्या खुणेच्याही वर ‘एक्स’ अशी आणखी एक खूण असते: ऑइल इथवर चढलं तर बदला. म्हणजे ते चढणार हे कारखान्यालाच ठाऊक.

रविवारी मी बाणेरला गेले. टिश्यू पेपरवर थेंब भसकन पसरला, म्हणून भाच्याच्या कौतुकाच्या कॉफीचा फिल्टर पेपर मागितला. तो देताना त्याचा चेहरा पडला, पण मावशीपुढे बोलणार काय. कागद स्टीलच्या वाटीच्या तोंडावर पसरला, काडीच्या टोकावरून थेंब सोडला आणि आम्ही पोहे खाल्ले. त्याची मुख्य शंका ऑइल काळं का, ही होती. ते डिझेलमध्ये होणारच. नवीन ऑइलसुद्धा काही दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याच्यातल्या रसायनांचं कामच आहे. काळ्याला भिऊ नकोस, म्हटलं, पातळाला भी. पोहे संपेपर्यंत वाटीवरच्या कागदावर वर्तुळं आली होती. काळा ठिपका, करडा पट्टा, आणि त्याच्या बाहेर ते फिकट कडं, चांगलं रुंद. भाच्यानं कागद खिडकीपाशी नेला, उजेडापुढे धरला. ‘हे लॅबला पाठवायचं का?’ पाठवता येतं, आणि खात्रीचा आकडा हवा असेल तर पाठवावंच. पण आधी नाकाला लाव, मी म्हटलं. त्यानं काडी नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. ‘पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतंय.’

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उत्तर मिळालं, ‘थोडं वर असलं तरी चालतं, सर.’ थोडं म्हणजे किती, हे काही त्या मुलाला सांगता येईना. वाहन-मालकाच्या पुस्तिकेत वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका असं छापलेलं होतं, ते पान उघडून पुढे केल्यावर गाडी आत घेतली. नेमकं काय बिघडतं जास्त झालं तर? लेव्हल फारच वाढली की फिरता क्रँक त्यात बुडून ते घुसळायला लागतो, फेस होतो, आणि पंप बेअरिंगला ऑइलऐवजी फेस पुरवतो. सीलवर ताण येतो. ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या, वाटेनं ऑइलचे तुषार हवेबरोबर आत ओढले जातात, आणि डिझेल इंजिनात क्वचित असंही होतं, की ते स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटतं. किल्ली फिरवली तरी थांबत नाही. भाच्याला हे ऐकवलं तेव्हा तो खुर्चीत सरसावून बसला. ऑइल आणि ऑइलचा फिल्टर बदलला, डीपीएफची काजळी तिथेच मशीन लावून जाळली, आणि नवीन ऑइल भरल्यावर मी लेव्हल बघायला गेले, तर ऑइल बरोब्बर वरच्या खुणेवर. आप्पांनी नाक मुरडलं असतं. मीही मुरडलं, पण गप्प बसले.

‘पण मग लाल दिवा का नाही लागला?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि मला वाटतं निम्म्या गाडीवाल्यांचा तो समज असतो. डॅशबोर्डवरची ती तेलाच्या झारीची लाल खूण लेव्हलची नाहीच, दाबाची आहे. ती पेटली म्हणजे ऑइल बेअरिंगपर्यंत पोचत नाहीये. तिथेच कडेला घ्यायचं आणि इंजिन बंद करायचं, पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ असा विचारसुद्धा करायचा नाही. कोकणातल्या रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटला की हाच दिवा लागतो, आणि ‘आता आलंच गाव’ म्हणत चार किलोमीटर रेटणाऱ्यांच्या इंजिनांवर आप्पांच्या ओळखीच्या गॅरेजांनी पोटं भरली. लेव्हल दाखवणारे सेन्सर आता काही गाड्यांत आहेत, आणि कित्येक बीएमडब्ल्यूंत तर काडीच नाही. लेव्हल स्क्रीनवर बघायची. सोय आहे, हात काळे होत नाहीत. पण स्क्रीनला वास नसतो, आणि कागदावर सोडायला थेंबही नाही. मला हे अजिबात पटत नाही. त्या गाड्या घेणारे माझं मत विचारायला येणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

डीपीएफवर राग धरावा का, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही. चिपळूणच्या स्टँडवर गाडी सुटताना जो काळा लोट उठायचा, त्यात उभं राहून आम्ही निरोप घेतलेत. आप्पा नाक शिंकरायचे तेव्हा रुमाल काळा व्हायचा, आणि ते सगळ्यांना इतकं नेहमीचं वाटायचं की कोणी त्यावर कधी बोललंसुद्धा नाही. ती काजळी कुठेतरी अडायला हवीच होती. पण आता भाचा दर पंधरवड्याला, काही काम नसताना, एक्स्प्रेस वेनं लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो, फिल्टरमधली काजळी नीट जळावी म्हणून. साठलेली काजळी जाळायला डिझेल जाळायचं, आणि वर टोल भरायचा. त्याच्या बायकोला हे फार आवडलंय, चिक्की येते. मला विचाराल तर रोजचा प्रवास एवढा थोडा आणि एवढा रखडत असणाऱ्यानं डिझेल घेऊच नये. पेट्रोल घ्या, सीएनजी घ्या, परवडत असेल तर वीजवाली घ्या, तिच्यात इंजिन ऑइलच नाही. सेकंडहँड बाजारात शहरी वापराच्या, कमी चाललेल्या डिझेल गाड्या ‘अगदी जपून वापरलेली’ म्हणून भाव खातात. तीच जपणूक त्यांच्या मुळावर आलेली असते. असली गाडी बघायला जाल तेव्हा काडी ओढून बघा, आणि लेव्हल खुणेच्या वर असेल तर मालकाच्या गोड बोलण्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

यंदाच्या तोंडी परीक्षेत मी सगळ्यांना तोच प्रश्न टाकला: कोणी ऑइल घातलेलं नाही आणि तरी लेव्हल वरच्या खुणेच्या वर, तर काय समजायचं? बहुतेकांनी ‘जास्तीचं काढून टाकायचं, मॅडम’ असं सांगून सुटका करून घेतली. जुन्नरकडचा एक मुलगा मात्र थांबला. म्हणाला, ‘डिझेल असेल तर डिझेलच्या पंपाचं सील गेलंय, डिझेल खाली उतरतंय. पाणी असेल तर हेड गॅस्केट, पण मग ऑइल पांढुरकं दिसेल.’ डीपीएफचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. घरच्या ट्रॅक्टरला झालं होतं, वडलांनी दाखवलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक इतका वेळ मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली. ‘डिझेलच आहे हे कशानं तपासलं?’

‘नाकानं, सर.’

परीक्षक पुढचा प्रश्न विचारायच्या आत मी मार्कांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.